डावीकडचे नट उलटे

नगरपालिकेची नोटीस वाचून झाल्यावर दफ्तरदारांनी चष्मा काढून पुसला आणि ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. वाईट तर वाटत होतंच. पण इतकं सुबक, समास सोडून लिहिलेलं, एकही खाडाखोड नसलेलं पत्र नेमकं आपल्याविरुद्ध असावं, याचं जास्त वाईट वाटत होतं. पस्तीस वर्षं कचेरीतली जुनी कागदपत्रं सांभाळण्यात घालवलेल्या माणसाला चांगलं पत्र म्हणजे काय ते कळतं. त्यांनी फक्त एके ठिकाणी लाल पेन्सिलीने रेघ मारली. तिथे लिहिलं होतं, 'आपल्या घरासमोरील चाके नसलेले जुने चारचाकी वाहन'.

"चाकं नसलेलं चारचाकी," ते बायकोला म्हणाले. "ही काय भाषा झाली?"

"भाषेचं राहू द्या. पुढे काय म्हणतायत?"

पुढे म्हणत होते की, हे वाहन रस्त्याच्या हद्दीत दीड फूट आलेलं आहे. पंचेचाळीस दिवसांच्या आत ते स्वतःच्या चाकांवर आणि स्वतःच्या बळावर गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आल्याचं निरीक्षकांना दाखवावं. नाहीतर ते भंगार समजून उचलण्यात येईल.

खरं सांगायचं तर जीप रस्त्यावर गेली नव्हती, रस्ताच जीपकडे आला होता. दोन वर्षांपूर्वी रुंदीकरण झालं, कुंपण आत आलं, शेवगा गेला, आणि जीप होती तिथेच राहिली. चार लाकडी ठोकळ्यांवर उभी असलेली वस्तू दुसरं करणार काय? ती दफ्तरदारांच्या थोरल्या भावाची, दादांची. जमीनमोजणीच्या नोकरीत दादांनी ती आयुष्यभर डोंगरदऱ्यांतून हाकली आणि खात्याने लिलावात काढली तेव्हा सासरहून मुलगी परत आणावी तशी घरी आणली. दादा जाऊन चार वर्षं झाली होती. ते गेले तेव्हा दफ्तरदारांनी वहिनींना एकच शब्द दिला होता, "दादाच्या गाडीला कोणी हात लावणार नाही." तो त्यांनी अक्षरशः पाळला. कोणी हात लावला नाही, त्यामुळे ती गंजली. हात लावत होत्या त्या फक्त वहिनी. रोज सकाळी तेलाचं फडकं घेऊन त्या गाडी पुसत, एकही शब्द न बोलता.

एकही शब्द न बोलता, हे वाक्य शोभेचं नाही. वहिनी दुपारी बारापर्यंत बोलतच नसत. दादा गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. कसलं व्रत, किती दिवसांचं, कोणी सांगितलं, घरात कोणी विचारलं नाही. व्रताचं कारण विचारू नये असं दफ्तरदार मानत, आणि विचारलं तरी उत्तर बारानंतरच येणार, असं त्यांची बायको म्हणे. वहिनी लिहूनही काही सांगत नसत. लिहिणं म्हणजे हाताने बोलणंच, हे त्यांचं मत. हात हलवायचा तो तीनच गोष्टींसाठी: गॅस, दूध आणि दार. माणूस जळू नये, पातेलं जळू नये आणि दारात कोणी ताटकळू नये, एवढीच सवलत त्यांनी स्वतःला दिली होती. त्या खुणा वाचण्याचं काम बायकोचं. "जाऊबाईंचं बोट हललं तरी मला समजतं," ती अभिमानाने सांगे. घरात या विषयात दुसरं कोणी उमेदवारच नसल्यामुळे ती पहिली येत असे.

त्या दिवशी बारा वाजून गेल्यावर दफ्तरदारांनी नोटीस वहिनींपुढे ठेवली. त्यांनी ती वाचली, घडी घातली.

"मग नेतील," त्या म्हणाल्या.

"नेतील कसे? मी शब्द दिलाय तुम्हाला."

"भाऊजी, तुम्हाला झेपेल तेवढंच करा."

दफ्तरदारांना हे लागलं. दादाही हेच म्हणायचा. सायकलपासून संसारापर्यंत प्रत्येक बाबतीत म्हणायचा. त्याच संध्याकाळी त्यांनी एक कोरी फाइल काढली, वर 'जीप' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

इंजिनाचं काम नऊ दिवसांत उरकलं, ही या सगळ्या प्रकरणातली एकमेव आनंदाची गोष्ट, म्हणून ती आधीच सांगून टाकते. मिस्त्री हा गंभीर चेहऱ्याचा, फक्त सकाळी येणारा माणूस. त्याची दुपार दुसऱ्या गॅरेजला वाहिलेली. बॉनेट उघडून तो म्हणाला, "साहेब, तुमच्या भावाने गाडी झोपवलीय, मारली नाही." नवव्या दिवशी इंजिन खोकलं, शिंकलं आणि सुरू झालं. गल्ली धुराने भरली. वहिनी ओट्यावर उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. "धूर सोसत नाही त्यांना," बायकोने वाचून दाखवलं.

राहिली चाकं. चाकांचं काय, चार आणायची आणि लावायची, असं दफ्तरदारांना वाटलं होतं. माणसाला काय काय वाटत असतं.

टायरच्या दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "कसलं टायर पाहिजे? चिखलाचं, वाळूचं, दगडांचं का डांबरी रस्त्याचं?"

दफ्तरदारांनी थोडा विचार केला. "कोपऱ्यापर्यंतचं," ते म्हणाले.

दुकानदार याआधी हसला असेल तर तो दफ्तरदारांच्या जन्मापूर्वी. त्याने रिमचा व्यास विचारला, रुंदी विचारली, भोकं किती आणि एका भोकापासून दुसरं किती अंतरावर हे विचारलं, आणि चाक आत किती बसतं, बाहेर किती, हेही विचारलं. दफ्तरदार घरी आले, बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन जीपखाली शिरले आणि मापं घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, टेप कुठली वापरलीत? शिवणाची म्हटल्यावर त्याने मापांचा कागद घडी घालून परत दिला. "ही ब्लाउजची मापं आहेत."

एवढ्यात बातमी शेजारी गेली. शेजारी दातांचे डॉक्टर. सबंध दिवस त्यांच्यासमोर माणसं आ करून, उत्तर न देता पडलेली असल्यामुळे त्यांना सल्ला देण्याची सवय लागली होती. "दफ्तरदार, चाक म्हणजे दातच बघा," ते कुंपणावरून म्हणाले. "वरून टायर दिसतं, पण खरी गोष्ट मुळाशी. आणि बसवायचेच आहेत तर मूळचे पिवळे कशाला? चांगले रुंद, पांढरेशुभ्र बसवा! गाडी हसली पाहिजे."

दफ्तरदारांच्या मनात पहिल्यांदाच एक चित्र उभं राहिलं. रुंद, चकचकीत चाकांवरची जीप कोपऱ्यावरून वळते आहे, स्टेअरिंगवर आपण आहोत, आणि कुठूनतरी दादा बघतो आहे. चित्रात दादा काही बोलत नव्हता. तेवढ्यासाठीच ते चित्र त्यांना फार आवडलं.

चाकं आणण्याआधी जुने नट काढायला हवे होते. चाकं काढल्यावर दादांनी सगळे नट परत बोल्टांवर फिरवून ठेवले होते, हरवू नयेत म्हणून. नीटनेटका माणूस. नट आता गंजून बोल्टांना चिकटले होते. मिस्त्री सकाळी आठला आला. उजवीकडचे दहा नट तेल, हातोडी आणि थोड्या शिव्या एवढ्यावर निघाले. मग तो डावीकडे पुढे आला, पाना लावला आणि जोर केला. नट हलेना. त्याने पान्याच्या दांड्याला लोखंडी नळी जोडली. दफ्तरदारांनीही नळीला हात लावला. दोघांनी मिळून जोर केला.

तेव्हा वहिनी ओट्यावरून खाली आल्या. फडकं टाकलं आणि हवेत मूठ धरून ती फिरवली. एकदा, दोनदा, जोरजोरात, कपाळाला आठ्या घालून.

"गॅस!" बायको ओरडली. "गॅसचं बटण! अहो, गॅस राहिलाय चालू!"

मिस्त्रीला पाना तसाच दाबून धरायला सांगून दफ्तरदार आत धावले. बायको धावली. डॉक्टर तोंडात बघायचा आरसा हातात घेऊन कुंपण ओलांडून आले. गॅस बंद होता. सिलिंडरही बंद होतं. खिडक्या उघडल्या, वास घेतला, डॉक्टरांनी शेगडीच्या छिद्रांतून आरशाने पाहून घेतलं. बाहेर येऊन बघतात तो वहिनी अजून मूठ फिरवतायत, डोळ्यांत पाणी. "बंद आहे हो वहिनी, बंद आहे!" दफ्तरदार मायेने म्हणाले आणि मिस्त्रीच्या शेजारी नळीला लोंबकळले. कट्ट असा आवाज झाला. बोल्टाचं टोक नटासकट जमिनीवर पडलं. मग दुसरं. मग तिसरं. बारा वाजेपर्यंत पुढच्या डाव्या बाजूचे पाचही बोल्ट तुटले होते.

बारा वाजून एक मिनिटाने वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, या गाडीच्या डावीकडच्या चाकांचे नट उलटे असतात. चाक पुढे पळताना आपोआप सैल होऊ नयेत म्हणून डावीकडे आटे उलटे कापलेले. सोडवायचे तर आवळायच्या बाजूला फिरवायचे. तुम्ही सोडवत नव्हतात, आवळत होतात."

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. तीस वर्षांच्या धंद्यात त्याला असं कोणी बोललं नव्हतं, आणि तेही इतक्या हळू आवाजात. "बरोबर आहे बाई," तो म्हणाला. "जुन्या गाड्यांना असायचं तसं. माझ्या ध्यानातून गेलं."

"तुम्हाला कसं ठाऊक?" दफ्तरदारांनी विचारलं.

"वीस वर्षं त्यांच्याबरोबर फिरले. पंक्चर झालं की पाना माझ्याकडे असायचा."

दफ्तरदार या घरात त्याच वीस वर्षांत राहत होते. दादा आणि वहिनी मोजणीच्या कामावर जातात, हे त्यांना माहीत होतं. तिथे कोण काय करतं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. माहिती लागेल तेव्हा रेकॉर्ड काढता येतं, अशी त्यांच्या खात्याची पद्धत. त्यांनी फाइलमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलं, 'डावीकडचे नट उलटे.' तेवढ्याने समाधान होईना, म्हणून पांढऱ्या रंगाने जीपच्या डाव्या मडगार्डवरही लिहिलं. झालेली चूक पुन्हा होऊ नये याचा त्यांना माहीत असलेला उपाय एकच होता, आणि तो म्हणजे ती लिहून ठेवणं. पुढे जे झालं ते या पांढऱ्या अक्षरांमुळे झालं, असं मी म्हणणार नाही. पण अक्षरं फार सुवाच्य होती.

तुटलेले बोल्ट मिस्त्री लेथवाल्याकडे घेऊन गेला. लेथवाल्याने पाच नवे बोल्ट कापून दिले, पाच नवे नटही दिले. ते मिस्त्रीने एका सकाळी बसवले. दफ्तरदार त्या सकाळी अर्ज द्यायला नगरपालिकेच्या कचेरीत गेले होते. तपासणीची वेळ दुपारी बारानंतरची मिळावी, असा अर्ज त्यांनी केला होता. घरातलं खरं ज्ञान बारानंतरच उपलब्ध होतं, हे त्यांना आता कळलं होतं. कारणाच्या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'कुटुंबातील जाणकार सदस्य त्यापूर्वी बोलत नाहीत.' उत्तर आलं: 'तपासणी सकाळी दहा ते साडेअकरा या वेळेतच होते. आपण दिलेले कारण नमुन्यातील कारणांत नाही.' हेही पत्र सुबक होतं.

मग रुंद चाकं आली. डॉक्टर स्वतः दुकानात बरोबर आले होते. चकचकीत, जाड, चांदीसारखी रिमं. मिस्त्रीने ती लावली आणि हात पुसत बाजूला झाला. जीप खरोखरच हसत होती. फक्त ती दुसऱ्या कोणाची तरी कवळी लावून हसतेय असं वाटत होतं. दफ्तरदारांनी आत बसून स्टेअरिंग डावीकडे वळवलं. कर्र असा आवाज झाला. उजवीकडे वळवलं, पुन्हा तसाच. टायर आतल्या स्प्रिंगच्या पट्ट्यांना घासत होतं.

"हा आवाज ओळखीचा आहे," डॉक्टर विचारपूर्वक म्हणाले. "थोडं घासून कमी करता येईल."

"टायर?"

"स्प्रिंग."

त्याच आठवड्यात निरीक्षक ओझरती पाहणी करून गेले. बारीक अंगाचे, सर्दी झालेले गृहस्थ. त्यांनी गाडीच्या नोंदणीचं पुस्तक मागितलं, टायरवरचे आकडे वाचले, नाक पुसलं. "पुस्तकात अरुंद टायर आहे. हे दुप्पट आहे. असं चालणार नाही."

"पण साहेब, जास्तच आहे ना? कमी तर नाही?"

"जास्त म्हणजेही वेगळंच," निरीक्षक म्हणाले, आणि दफ्तरदारांना त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी दफ्तरदार असते तर तेही हेच म्हणाले असते. म्हणूनच त्यांना जास्त खिन्न वाटलं.

अरुंद, उंच, जुन्या मापाचं चाक कुठेच मिळेना. दुकानदार म्हणाला, असलं चाक आता चित्रातच. पंचेचाळिसातले अडतीस दिवस गेले. दफ्तरदार संध्याकाळी ओट्यावर फाइल मांडीवर घेऊन बसले होते. फाइल जाड झाली होती, तेवढंच काय ते वाढलं होतं. वहिनी तांदूळ निवडत होत्या.

"वहिनी," ते उगाचच म्हणाले, "दादाची जुनी चाकं कुठे गेली हो?"

"रोपवाटिकेत. पाण्याच्या टाकीच्या ट्रॉलीला आहेत. मीच दिली, ते गेले त्या महिन्यात."

दफ्तरदारांच्या हातातून फाइल घसरली. "आहेत? अजून? आणि तुम्ही अडतीस दिवस..."

"तुम्ही दुकानदाराला विचारलंत, मिस्त्रीला विचारलंत, डॉक्टरांना विचारलंत," वहिनी तांदळातून नजर न काढता म्हणाल्या. "मला आत्ता विचारलंत."

"दिली कशाला पण?"

"गाडी उभी राहिली ती राहिली. म्हटलं, चाकं तरी फिरती राहू देत."

रोपवाटिकेचा मालक समजूतदार निघाला. त्याला अदलाबदल मान्य होती. दुसऱ्या दिवसापासून त्याची गंजकी पाण्याची टाकी रुंद, चांदीसारख्या चाकांवर झाडांमधून फिरू लागली, आणि लोक थांबून बघू लागले. दफ्तरदारांना त्या रस्त्याने जाणं नको वाटू लागलं. पण जीपची चाकं जीपला मिळाली. टायर झिजलेलं, रिमवर मातीचा थर. वहिनींनी ती दोन दिवस घासली. मिस्त्रीने ती चढवली, नट आवळले. "तपासणीच्या दिवशी मी येऊन शेवटचं बघतो," तो गालावर हात ठेवून म्हणाला. "तोपर्यंत कोणी हात लावू नका." त्याची दाढ दुखत होती.

पंचेचाळिसावा दिवस उजाडला तो ढगाळ, ना पाऊस ना ऊन. साडेनऊला मिस्त्री आला तेव्हा त्याचा गाल टेनिसच्या चेंडूएवढा सुजला होता. डॉक्टरांनी त्याला कुंपणावरूनच पाहिलं आणि त्यांच्यातला वैद्य जागा झाला. "पाच मिनिटांचं काम आहे," ते म्हणाले आणि त्याला दवाखान्यात घेऊन गेले. दफ्तरदारांना विरोध करावासा वाटला. पण विव्हळणाऱ्या माणसाला नट आवळायला कसं सांगणार?

पावणेदहा झाले. निरीक्षक कोपऱ्यावर दिसू लागले, हातात कागदांचा पुठ्ठा, नाकाला रुमाल. मिस्त्रीचा पत्ता नव्हता. दफ्तरदारांनी पाना उचलला. हे काम त्यांचं नव्हतं, पण जबाबदार माणूस शेवटची खात्री केल्याशिवाय सही करत नाही. उजवीकडचे नट सुलटे आवळले. घट्ट होते. मग ते डावीकडे आले, मडगार्डवरची स्वतःची अक्षरं वाचली आणि उलट बाजूला पाना फिरवू लागले. मागचे नट घट्ट होते. पुढचे मात्र सहज फिरत होते, लोण्यातून सुरी जावी तसे. 'बघा,' दफ्तरदार मनात म्हणाले, 'सैल ठेवलेत लेकाने! बरं झालं पाहिलं.' प्रत्येक नटाला त्यांनी चार चार फेरे दिले, पुन्हा पहिल्यापासून आणखी दोन.

लेथवाल्याने नवे बोल्ट कापले होते ते साधे, सुलट्या आट्यांचे. उलटे कापायची हत्यारं त्याच्याकडे नव्हती. ही गोष्ट जगात तिघांना माहीत होती: लेथवाल्याला, मिस्त्रीला, आणि रोज सकाळी तेलाच्या फडक्याने एकेक बोल्ट पुसणाऱ्या वहिनींना. लेथवाला लेथवर होता. मिस्त्री डॉक्टरांच्या खिडकीत उभा होता, तोंडात कापसाचे दोन बोळे, दोन्ही हात हलवत. वहिनी ओट्यावर होत्या. त्यांनी मूठ धरली आणि हवेत फिरवली.

"गॅस!" बायको म्हणाली.

"बंद केलाय!" दफ्तरदार प्रसन्नपणे ओरडले. "या वेळी मी स्वतः सकाळीच बंद करून ठेवलाय, वहिनी!" त्यांनी खिडकीतल्या मिस्त्रीलाही हात हलवून निरोप दिला आणि जीपमध्ये चढले.

इंजिन सुरू झालं. निरीक्षकांनी घड्याळात पाहिलं आणि लिहिलं. जीप ठोकळ्यांच्या जुन्या खुणांवरून हलली आणि चार वर्षांनी गल्लीत आली. दफ्तरदारांच्या डोळ्यांना पाणी आलं. गाडी घरी आणल्यावर दादा कधी ती बाहेर काढायचा तेव्हा ते शेजारी बसून नकाशा धरायचे; चुकीचा धरायचे, हा भाग वेगळा. गाडी डावीकडे ओढत होती, थोडी डुलतही होती. म्हातारी गाडी डुलणारच. पुढे गल्लीचा उतार, उताराखाली मोठा रस्ता, रस्त्यावर मालट्रकांची रांग. त्यांनी वेग वाढवला.

"भाऊजी! थांबा! चाक!"

तो आवाज त्यांनी सकाळच्या वेळी चार वर्षांत ऐकला नव्हता. त्यांना वाटलं बारा वाजले. मग वाटलं कोणीतरी गेलं. त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर पडला. इंजिन गचका खाऊन बंद पडलं, जीप डाव्या खांद्यावर धाडकन बसली, आणि पुढचं डावं चाक एकटंच, सरळ, अजिबात न डगमगता उताराने निघालं. सगळे बघत राहिले. ते कोपऱ्यापर्यंत गेलं, विजेच्या खांबाला टेकलं, स्वतःभोवती एक गिरकी घेऊन आडवं झालं.

निरीक्षक बराच वेळ लिहीत होते. "वाहन कोपऱ्यापर्यंत गेलं नाही," ते शेवटी दिलगिरीने म्हणाले. "चाक गेलं. पण परत आलं नाही."

"साहेब, एक संधी..."

"आज शेवटचा दिवस आहे." त्यांनी नाक पुसलं. "मी वाईट माणूस नाही हो."

"नाही, नाही," दफ्तरदार म्हणाले. "नियमाप्रमाणेच आहे."

ते परत आले तेव्हा वहिनी ओट्याच्या पायरीवर बसल्या होत्या. पावणेअकरा झाले होते. बायको त्यांच्याजवळ पाण्याचा पेला घेऊन उभी होती, वाचायला काहीच नसल्यासारखी.

"वहिनी, तुमचं व्रत मोडलं माझ्यामुळे," दफ्तरदार खालच्या मानेने म्हणाले.

"व्रत कसलं, भाऊजी." वहिनींनी पदराने तोंड पुसलं. "त्या दिवशी सकाळी मी त्यांना म्हटलं होतं, 'घेऊन जाऊ दे कोणीतरी ते धूड एकदाचं. अर्धं आयुष्य त्यात गेलं माझं.' मग ते गाडीत जाऊन बसले. नेहमीसारखे रुसून. मी म्हटलं, बसू दे, बाराला जेवायला हाक मारेन." त्या थांबल्या. "बाराला हाक मारली."

खिडकीतून मिस्त्री कापसासकट बघत होता.

"म्हणून म्हटलं, सकाळचं बोलणंच नको," वहिनी म्हणाल्या. "कोणाला शेवटचं काय ऐकू जाईल, सांगता येत नाही. आज बोलले नसते तर तुम्हीही गेला असतात."

"ओरडलात ते बरं केलंत," दफ्तरदार म्हणाले. आणखी काहीतरी बोलायला हवं असं त्यांना वाटलं. पण जे सुचलं ते सगळं अर्जासारखं होतं, म्हणून ते वहिनींच्या शेजारी पायरीवर नुसते बसून राहिले.

मिस्त्रीने निसटलेलं चाक पुन्हा चढवून जीप तिच्या जागेवर आणून ठेवली. त्यानंतर आठव्या दिवशी सकाळी नऊला उचलायचा ट्रक आला. बरोबरच्या मुकादमाने आदेशाचा कागद काढला आणि वाचता वाचता अडखळला. "'चाके नसलेले चारचाकी वाहन,'" त्याने मोठ्याने वाचलं आणि जीपकडे पाहिलं. "याला तर चाकं आहेत."

दफ्तरदारांनी घाईघाईने चष्मा लावला. "म्हणजे हे ते वाहन नव्हेच! कागद दुसऱ्याचा आहे, बरोबर?"

मुकादमाने विचार केला. "वाहन हेच आहे. चाकं कागदात नाहीत. ती इथेच ठेवतो." त्याने माणसाला पाना दिला.

त्या माणसाने मागच्या डाव्या चाकाला पाना लावला आणि जोर केला. नट हलेना. त्याने इकडेतिकडे पाहून लोखंडी नळी शोधली. दफ्तरदार पुढे झाले. सगळं आठवत होतं, पण सांगण्याआधी ते मडगार्डवरची स्वतःची अक्षरं पुन्हा वाचू लागले.

"उलटा फिरवा हो," ओट्यावरून वहिनी म्हणाल्या, शांतपणे, सव्वानऊ वाजता. "मागचा उलटा. पुढचा सुलटा. सावकाश काढा, कोणी तोडू नका."

माणसाने उलटा फिरवला. नट निघाला. सगळे निघाले. चार चाकं कुंपणाला टेकवून ठेवली, आणि जीप दोरखंडांत लटकत, मडगार्डवरच्या पांढऱ्या अक्षरांसकट, ट्रकवर चढली. ट्रक कोपऱ्यावरून वळला. कोपऱ्यापर्यंत तर गेली, असं दफ्तरदारांच्या मनात आलं, आणि त्यांनी ते मनातच ठेवलं. डॉक्टर कुंपणावरून म्हणाले की चाकांत माती भरून फुलझाडं छान येतात. त्यांना कोणी उत्तर दिलं नाही; त्याची त्यांना सवय होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला दफ्तरदार पेपर उघडून बसले होते. वाचत काहीच नव्हते. समोर, जिथे जीप असायची तिथून, पहिल्यांदाच रस्त्याच्या पलीकडची भिंत दिसत होती. बायको आंघोळीला गेली होती. घर गप्प होतं.

"भाऊजी," स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून, कपडे वाळत घालता घालता, आवाज आला, "तेवढा गॅस बंद करा."

दफ्तरदार उठले. आत गेले. गॅस खरोखरच चालू होता. त्यांनी बटणाला हात लावला, आणि कोणत्या बाजूला फिरवायचं ते क्षणभर त्यांना आठवेना. मग त्यांनी मागच्या दाराकडे मान वळवून विचारलं.